आत गेली दहा

लाभ

ऊस तुटून गेला की शेत रिकामं दिसत नाही, उघडं दिसतं.

*

चपला बाहेर काढाव्यात. खिशात पेन, कर्कटक, गोट्या ठेवू नयेत. ओल्या अंगानं आत जाऊ नये. रडणाऱ्या मुलास ढकलून आत पाठवू नये.

*

आंधळी मेंढी कळपाच्या मधोमध चालते. तिला वाट दिसत नाही, पण दोन्ही बाजूंनी अंगं लागत असतात.

*

"लेकरं मोजू न्हाईत. मोजलेलं लेकरू वाळतं." हे अंथुर्ण्याची म्हातारी सुईण कुशाबाई म्हणायची. तिनं बाळंतपणं किती केली असं कुणी विचारलं तरी ती आकडा सांगायची नाही.

*

त्या वर्षी भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी लवकर उतरले.

*

पंधरा फूट बाय बारा फूट. रंग नारिंगी आणि निळा. बुरूज चार, त्यांतला एक कलता. डावीकडं आत जायची झडप, उजवीकडं बाहेर यायची घसरगुंडी. आत गेल्यावर आभाळ दिसत नाही, सगळा उजेड नारिंगी. शेजारच्या मुलाचा आवाजही लांबून आल्यासारखा येतो.

एक

मल्हार अंथुर्ण्याचा, संदेश लासुर्ण्याचा. दोघं बारामती एमआयडीसीत एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. मल्हारच्या घरी बापाच्या उमेदीपर्यंत मेंढरं होती. संदेशच्या घरी मेथी, कोथिंबीर, वांगी. पहाटे जुड्या बांधायच्या आणि बाजार गाठायचा. सत्त्याण्णव साली कारखान्यानं कंत्राटी माणसं कमी केली, त्यात दोघंही गेले.

पुण्यात एका आनंदमेळ्यात संदेशनं ती वस्तू पाहिली होती. हवा भरलेला महाल, आत पोरं उड्या मारतात. "बारामतीपासून इंदापूरपर्यंत एकाकडं न्हाय," तो मल्हारला म्हणाला. "वाढदिवस, जत्रा, जावळं. आपन न्यायचा, फुगवायचा, संध्याकाळी घडी घालायची. मेंढरापरीस सोपं. ह्येला चारा लागत न्हाय."

मल्हारच्या बापानं, सोनबानं, उरलीसुरली मेंढरं विकून पैसे दिले आणि जुना महाल घरी आला. अंगणात त्याची गुंडाळी पडली होती तेव्हा सोनबा काठी टेकत तिच्याभोवती फिरला.

"तंबू हाय का?"

"महाल हाय, आबा," मल्हार म्हणाला. "हवा भरली की उभा ऱ्हातो."

"आन् हवा गेल्यावर?"

"बसतो."

"पोरं आत आसताना?"

"तसं कसं बसंल? ब्लोअर चालूच ठेवायचा."

सोनबानं काठीचं टोक गुंडाळीत रुतवलं. गुंडाळीतून कुठून तरी सावकाश हवा निघाली.

"पोट हाय म्हना की ह्येला," तो म्हणाला. "खातंय काय?"

"डिझेल," संदेश म्हणाला, आणि सगळे हसले.

दोन

पहिल्यांदा फुगवला तो अंथुर्ण्यातच, शाळेसमोरच्या पटांगणात, दुपारी चारला. जनरेटर अजून आला नव्हता. तार शाळेतून ओढली होती. किती पोरं आत गेली ते कुणी पाहिलं नाही. ढकलाढकली होती, आणि आत जायची ती सगळ्यांचीच पोरं होती.

साडेचारला वीज गेली.

ब्लोअरचा आवाज थांबला. त्या आवाजाखाली पोरांचा केवढा कल्ला होता ते तेव्हा कळलं. कलता बुरूज आधी वाकला. मग छत पोटात गेलं. पोरं घसरगुंडीवरून सटासट खाली आली, हसत, एकमेकांच्या अंगावर. शेवटी नुसतं कापड उरलं, आणि कापडाखाली एक उंचवटा. तो हलत नव्हता.

"स्वप्नाली कुठाय?" मनिषानं, मल्हारच्या बायकोनं, विचारलं.

मल्हार कापडाखाली घुसला. पोटावर सरपटत गेला. बाहेरच्यांना त्याच्या पाठीचा फुगवटा दुसऱ्या फुगवट्याकडं जाताना दिसत होता. तिथं पोचला, तर तिथं काही नव्हतं; हात घातल्यावर उंचवटा बसला. स्वप्नाली त्याला सापडली ती अगदी दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन. त्याची पाच वर्षांची पोर. घामानं निथळत होती. रडत नव्हती.

"मी थांबले हुते," ती म्हणाली. "तुमी मोजलंच न्हाय."

तीन

त्या दिवसापासून नियम झाला. जनरेटर असल्याशिवाय फुगवायचा नाही. एका वेळी दहाच पोरं. जितकी आत, तितकी बाहेर. आत जाताना झडपेशी संदेश मोजणार, बाहेर येताना घसरगुंडीशी मल्हार. मोठ्यानं मोजायचं नाही. लेकरं मोजताना आयांनी ऐकलं तर त्या पोरं घेऊन निघून जातील, आणि मल्हारलाही ते बरं वाटलं नसतं. ओठांतल्या ओठांत मोजायचं, शेवटचा आकडा तेवढा एकमेकांना ओरडून सांगायचा. मध्ये महाल, वर ब्लोअरची घरघर. बाकी काही ऐकू जायचंच नाही.

आणि स्वप्नालीला आत सोडायचं नाही.

"कवापर्यंत?" तिनं विचारलं.

"जुळंपर्यंत."

"काय जुळंपर्यंत?"

"गेली किती आन् आली किती. एक दिस नीट जुळू दे. मंग सोडतो."

स्वप्नाली प्रत्येक ठिकाणी बरोबर यायची, घसरगुंडीशेजारी उकिडवी बसायची आणि बापाचं तोंड बघत राहायची. दुसऱ्यांची पोरं नाचायची, ही बापाच्या ओठांकडं बघायची. मनिषा म्हणायची, पोरीचे हाल करताय. मल्हारला कापडाखालचा तो उंचवटा आठवायचा.

चार

लासुर्ण्याची जत्रा. पहिला गट.

"दहा!" संदेश ओरडला.

दहा मिनिटं. शिट्टी. पोरं खाली आली, आपापल्या आयांकडं गेली.

"नऊ!" मल्हार ओरडला.

संदेशला वाटलं आपल्याला चुकीचं ऐकू आलं. तो महालाला वळसा घालून आला.

"नऊ कशी? म्या दहा सोडलीत."

"म्या नऊ काढलीत."

"मोजायला येतंय का तुला?"

"दोनशे मेंढरं मोजलीत मी. चालती."

दोघं चपला काढून आत गेले. गुडघ्यांवर चालत चारी कोपरे पाहिले. बुरुजांच्या पोकळीत हात घातले. जमीन त्यांच्या वजनानं खाली जायची आणि मागं वर यायची. आत कुणी नव्हतं. बाहेर येऊन विचारलं, कुणाचं पोर राहिलंय का? आया हसल्या. ज्याचं त्याच्याजवळ होतं.

दुसरा गट आठांचा. आली सात.

तिसरा पुन्हा दहा. आली नऊ.

"चपला मोजू," संदेश म्हणाला. पण निम्मी पोरं अनवाणीच आली होती.

संध्याकाळी घडी घालताना संदेश सवयीनं कापडावर चालत हवा काढायला निघाला. मल्हारनं त्याचा दंड धरला.

"पाय देऊ नगंस."

"आरं, मोकळं हाय ते."

"तरी."

त्या दिवशी महाल आपोआप बसेपर्यंत दोघं पाऊण तास उभे राहिले. मधला भाग सगळ्यांत शेवटी बसला.

पाच

निमगाव, जावळ: आत नऊ, बाहेर आठ.

शेळगाव, वाढदिवस: आत दहा, बाहेर नऊ. आत सहा, बाहेर पाच.

इंदापूर, बाजारतळ: आत दहा, बाहेर नऊ. असं अकरा वेळा.

कधीही दोन कमी नाहीत. कधीही बरोबर नाही. कुणाचं पोर हरवलं नाही. कुणी रडत आलं नाही. हेच मल्हारला सहन होईना. एखादी आई किंचाळत आली असती तर निदान काय शोधायचं ते कळलं असतं.

इंदापूरला सोनबा बरोबर गेला होता. तो घसरगुंडीशी बसला, त्याच्या पद्धतीनं बोटांच्या पेरांवर मोजत. त्याचीही नऊ आली.

"आबा, कमी कोन पडतंय?" मल्हारनं विचारलं.

सोनबानं तंबाखू मळली. "मेंढरू कमी पडलं तर तीन गोष्टी. लांडगा, चोर, न्हाय तर मागं बसलेली गाभण. हितं रगात न्हाय, बोंब न्हाय."

"मंग?"

"मंग बाहेर येतंय ते बरोबर येतंय. आत जातंय त्यात एक कुणाचंच न्हाय."

"आबा, पोरांना घाबरवू नका," संदेश म्हणाला.

"तुजी पोरं कुठायत? लगीन होऊन वरीस न्हाय झालं." सोनबानं चिमूट तोंडात सोडली. "आन् घाबरायचं काय त्यात? कुणाचंच न्हाय म्हनल्यावर तेच घाबरलं आसंल. बोलवा की त्येला. मागं ऱ्हायलेल्याला हाळी मारत न्हाईत व्हय?"

संदेश हसला. मल्हार हसला नाही.

त्यानंतर शिट्टी वाजवण्याआधी मल्हार घसरगुंडीच्या तोंडातून डोकं आत घालायचा. नारिंगी उजेडात उडणाऱ्या पोरांच्या पलीकडं, कोपऱ्याकडं बघत म्हणायचा:

"कुणी ऱ्हायलं आसंल तर या भायेर. कुणी रागं भरनार न्हाय."

"तुजं ह्ये चालू दे," संदेश म्हणायचा. "उद्या बोर्डावर लिहितो. आतल्यांना इनंती."

महाल घडी घालून मल्हारच्याच पडवीत असायचा. दुपारी उन्हानं कापड तापलं की आतली राहिलेली हवा फुगायची, आणि गुंडाळी पोटभर श्वास घेतल्यासारखी वर यायची. मनिषानं तिच्याकडं पाठ करून बसणं सोडून दिलं होतं.

सहा

सव्वीस जानेवारी, अठ्ठ्याण्णव. बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामगारांच्या कुटुंबांचा मेळावा होता. झेंडावंदन, जिलेबी, भाषणं, मग पोरांसाठी महाल. मोटारसायकलींच्या रांगा लागल्या होत्या. टाक्यांवर बसून लहान पोरं आली होती. मनिषा पाण्याच्या पिंपाशी होती. संदेशची बायको संजीवनी पहिल्यांदाच बरोबर आली होती. ती घसरगुंडीजवळ मल्हारच्या समोर उभी होती.

दुपारी तीनचा गट.

"दहा!" संदेश ओरडला.

मल्हारनं डोकं आत घातलं, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि शिट्टी वाजवली.

पोरं खाली यायला लागली. नऊ झाली. मल्हारनं मान वर केली, आता नेहमीसारखं ओरडायचं. तेवढ्यात घसरगुंडीवर आणखी एक मुलगी दिसली. उड्या न मारता, बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ती सावकाश खाली आली.

दहा.

मल्हार एवढ्या मोठ्यानं ओरडला की जिलेबीच्या रांगेतली माणसं वळली. "दहा! संद्या, दहा आली, दहा!"

संदेश पळत आला. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. शेवटी आलेल्या मुलीचं तोंड मनिषानं पदरानं पुसलं. गालावर आडवी रेघ होती, कापडाच्या घडीसारखी. पुसल्यावर गेली.

"आबा!" स्वप्नाली बापाला आजोबांच्याच नावानं हाक मारायची. "जुळलं ना? आता सोडा."

"जा," मल्हार म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "जा, मार उड्या."

स्वप्नालीनं धाकटीचा हात धरला आणि दोघी झडपेकडं पळाल्या. संदेशनं आठ पोरं आणि या दोघी, अशी दहा मोजून आत घेतली. नारिंगी कापडावर सावल्या उडायला लागल्या.

संजीवनी अजून मल्हारकडंच बघत होती.

"भावजी, एक विचारू? माज्या आजीला ऐकू येत न्हवतं. तिच्यासंगट ऱ्हाऊन मला ओठांवरनं कळतं. तुमी मगाशी मोजत हुता."

"व्हय."

"लाभ म्हणलात. मंग एक म्हणलात."

"मंग काय म्हनायचं?"

"दोन."

मल्हारला कळेना.

"आमच्याकडं जुड्या मोजताना एक म्हणत न्हाईत," संजीवनी म्हणाली. "एकाच्या जागी लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. लाभ म्हंजीच एक. आमचे ह्येसुदिक तसंच मोजत्यात."

"लाभ देवाचा," मल्हार म्हणाला. "वाड्यातनं मेंढरं सोडताना पैलं मेंढरू लाभ. ते बिरोबाचं. ते मोजत न्हाईत. मंग एक, मंग दोन."

संजीवनीनं कपाळावर हात मारला. "आवं, मंग दर टायमाला एक कमी येनार न्हाय तर काय! ह्येंची दहा म्हंजी तुमची नऊच की! दोन म्हयनं झालं, दोन बाप्ये कुणाचं पोर शोधत हुता?"

संदेशला हसू आवरेना. तो जमिनीवर बसला. "नऊ काढलीत म्हनं! दोनशे मेंढरं मोजलीत म्हनं! आन् गुडघ्यावर चालत..." त्याला पुढं बोलता येईना. मनिषाही पदर तोंडाला लावून हसली. मल्हारही हसला. अंगातलं काहीतरी दोन महिन्यांनी सुटल्यासारखा, खूप हसला.

मग तो थांबला.

"मगाशी जुळलं हुतं," तो म्हणाला.

"हां, मंग?"

"संद्या. मगाशी जुळलं हुतं. तुजी दहा. माजी दहा."

संदेशच्या तोंडावरचं हसू तिथंच राहिलं, खाली काही आधार नसल्यासारखं.

"माजी दहा म्हंजी अकरा," मल्हार म्हणाला.

ब्लोअर घरघरत होता. महालाच्या भिंती आत-बाहेर होत होत्या.

"माज्या दोनी पोरी आत हाईत," मल्हार म्हणाला, आणि त्यानं शिट्टी वाजवली.

आठ

या वेळी दोघांनी घसरगुंडीशी उभं राहून मोठ्यानं मोजलं. आयांनी ऐकलं तर ऐकू दे. एक. दोन. तीन. मल्हारचा आवाज फाटत होता. सात. आठ. नववी स्वप्नाली, केस विस्कटलेले, गाल लाल. तिच्या मागं, तिच्या झग्याचं टोक धरून, दहावी धाकटी.

दहा.

मल्हारनं दोघींना एकदम उचललं. धाकटी हलकी होती. तिच्या अंगाला तापलेल्या रबराचा वास येत होता. दोघींच्याही येत असणार.

संदेश चपला काढून आत गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला आणि त्यानं मान हलवली. रिकामं.

मग स्टेजवरच्या माणसाला सांगून त्यांनी कर्ण्यावरून पुकारलं: कुणाचं मूल सापडत नसेल, किंवा कुणाला अनोळखी मूल दिसत असेल, त्यांनी पिंपाजवळ यावं. तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. प्रत्येक मुलाचा हात कुणी ना कुणी धरलेला होता. रांगेनं मोटारसायकली सुरू झाल्या, टाकीवर एक, मागं दोन, आणि मेळावा पांगला. मल्हार फाटकाशी उभा राहून प्रत्येक गाडीवरचं पोर बघत होता. सगळी पोरं पोरांसारखीच दिसत होती.

"गेलं आसंल कुणाच्या तरी घरी," संजीवनी म्हणाली. ती आता हसत नव्हती. "दहा गेली, अकरा आली. कमी न्हाय पडलं, भावजी. ते म्हत्त्वाचं."

घडी घालताना महाल लवकर बसला. संदेश कापडावर चालत गेला. मल्हारनं त्याला अडवलं नाही. पायाखाली सगळीकडं सारखं लागलं. गुंडाळी टेम्पोत चढवली तर दोघांनाच उचलता आली. एरवी चौघं लागायचे.

ऊन उतरताना ते इंदापूर रस्त्याला लागले. संदेश टेम्पो चालवत होता, मधे संजीवनी, कडेला मल्हार. मागं गुंडाळीला टेकून मनिषा बसली होती, एका मांडीवर स्वप्नाली, दुसऱ्या मांडीवर धाकटी. दोघी झोपल्या होत्या. मल्हार मागच्या काचेतून सारखा बघत होता. मनिषानं एकदा हात वर करून खूण केली: आहेत, आहेत.

"आता बंद करायचा का हा धंदा?" संदेशनं विचारलं.

"कशाला?" मल्हार म्हणाला. "आता मोजता येतंय."

सोनबा अंगणात बाजेवर बसला होता. मुली उठून त्याच्या दोन बाजूंना जाऊन टेकल्या. त्यानं दोघींच्या डोक्यांवरून हात फिरवला, आधी डाव्या हातानं, मग उजव्या.

"मोजली का?"

"मोजली, आबा."

"जुळली?"

मल्हारनं बाजेकडं पाहिलं. एक, दोन.

"जुळली," तो म्हणाला.

नऊ

स्वप्नालीचा जन्म ब्याण्णव साली इंदापूरच्या एका दवाखान्यात झाला. त्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून डॉक्टरांनी मनिषाची पिशवी काढली. तिला पुन्हा मूल झालं नाही.